गाणे आहे, पत्ता नाही

एखादी वस्तू 'तीच' आहे, असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच वर्षी हा प्रश्न आमच्यापुढे टाकला जाई आणि आम्ही तरुण मंडळी त्यावर मोठ्या आवेशाने वाद घालीत असू. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळता चाळता ज्याच्यावर आजोबांच्या वेळचे एकही कौल उरलेले नाही, ते घर आजोबांचेच का? पुढे कामाच्या रगाड्यात असले वाद मागे पडले. अलीकडे मात्र हाच प्रश्न अगदी घरगुती निमित्ताने लोक माझ्यापुढे मांडू लागले आहेत. अर्थात तो तत्त्वज्ञानाचा आहे याची त्यांना कल्पना नसते. निमित्त असे की, संगणकातील गाणी जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या डिस्कवर हलविली जातात. गाणी सगळी सुखरूप पोहोचतात. परंतु वर्षानुवर्षे निगुतीने केलेल्या गाण्यांच्या याद्या, ज्यांना आपण प्लेलिस्ट म्हणतो, त्या मुक्या होतात. एकेका ओळीवर उद्गारचिन्ह उमटते, 'फाइल सापडत नाही' असा निरोप येतो, आणि गाणे तर शेजारच्याच फोल्डरमध्ये धडधाकट पडलेले असते.

असे का होते हे समजण्यासाठी यादी म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. आपली अशी समजूत असते की यादीत गाणी असतात. यादीत एकही गाणे नसते. १९९७ साली आलेल्या विनॅम्पमुळे घरोघरी रूढ झालेली 'एम-थ्री-यू' जातीची यादी नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. तिच्यात साध्या अक्षरांच्या ओळींखेरीज काहीही आढळत नाही. 'डी:\गाणी\भावगीते\पाऊस\०७' अशी एक ओळ, तिच्याखाली तशीच दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ओळ म्हणजे एक पत्ता: अमुक डिस्क, तिच्यातले अमुक कपाट, त्यातला अमुक खण. मधूनमधून '#' या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात. त्या वाजविण्यासाठी नसतात. त्यांत बहुधा गाण्याचे नाव आणि ते किती सेकंदांचे आहे, एवढी टीप असते. पाच मिनिटांचे एक गाणे एमपीथ्री स्वरूपात चार-पाच मेगाबाइट जागा सहज व्यापते. शंभर गाण्यांची संपूर्ण यादी मात्र दहा-पंधरा किलोबाइटांत मावते. मोजमापाने पाहिले तर यादी ही जवळजवळ नसल्यातच जमा.

विंडोज प्रणालीत प्रत्येक डिस्कला एक अक्षर मिळते. (ए आणि बी ही अक्षरे एकेकाळी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी गेली, पण तिचा मान राहिला. हार्ड डिस्कची गणती आजही सी पासूनच सुरू होते.) जुनी डिस्क 'डी' होती, नवी आली ती 'ई' किंवा 'एफ' झाली. यादी मात्र अजून 'डी'चे दार ठोठावीत राहते. तिथे कोणी राहत नाही. तिला गाणे ठाऊक नव्हतेच, तिला फक्त गाण्याचे ठिकाण ठाऊक होते.

ॲरिस्टॉटलने वस्तूविषयी जे जे काही बोलता येते त्याचे दहा प्रकार केले. त्यांतला पहिला 'द्रव्य', म्हणजे वस्तू स्वतः जे काही आहे ते. उरलेले नऊ आगंतुक: रंग, आकार, संबंध, काळ इत्यादी. या नवांतच 'कुठे' हा एक प्रकार येतो; आमच्या लॅटिन पुस्तकांत त्याला 'उबी' म्हणत. टेबल या खोलीतून त्या खोलीत नेले म्हणून ते निराळे टेबल होत नाही, हे पटवायला ॲरिस्टॉटलची गरज नाही, कोणताही हमाल ते सांगेल. तरी संगणकाच्या यादीने नेमका हाच आगंतुक गुण वस्तूची ओळख म्हणून धरून ठेवलेला असतो. घर बदलताच तिला वाटते की माणूसच नाहीसा झाला.

यादीला हसण्याचे मात्र कारण नाही. आपणही पुष्कळदा हेच करतो. पंचवीस वर्षे बाजारात एका ठरावीक कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली एक दिवस बसथांब्यावर भेटली तर आपण चटकन तिला ओळखीत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहावयास बसलो तो सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील वडील काही काळापूर्वी वारले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या कॅसेटी एकेक करून संगणकात उतरविल्या होत्या. काही गाणी मित्रांकडून, काही सीडीवरून घेतली होती. पत्नीच्या दीर्घ आजारात त्यांनी तिच्यासाठी सहा-सात याद्या केल्या. एकीचे नाव 'दुपार', एकीचे 'पाऊस', एकीचे नुसतेच 'तिच्यासाठी'. सगळ्या मिळून दोनशेच्या आसपास ओळी. ती माउली आधी गेली, मागोमाग तेही गेले. मुलगा इथेच असतो, मुलगी परदेशी. वडिलांच्या पश्चात जुना संगणक कुरकुरू लागला तेव्हा मुलाने सगळी गाणी नव्या डिस्कवर घेतली आणि हलविता हलविता थोडी आवराआवरही केली. गायकांच्या नावांप्रमाणे फोल्डर केले आणि एकाच नावाची दोन गाणी दिसली तिथे खरखरीचे काढून स्वच्छ ठेवले. जुनी डिस्क पुसून सोसायटीच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांच्या यंत्रात बसविली. मुलगी सुट्टीत आली आणि तिने 'पाऊस' लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एकही ओळ वाजेना.

"गाणी आहेत ना सगळी?" भाऊ म्हणाला. "यादी काय, अर्ध्या तासात नवी होते."

"मला गाणी नकोत, दादा," ती म्हणाली. "गाणी काय, मला तिकडेही मिळतात. पप्पांनी मम्मीसाठी लावलेली होती, ती मला हवी आहेत."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. जणू मी निवाडा देणार होतो. भाऊ निष्काळजी मुळीच नव्हता. गाणी वाचविली ती त्यानेच. आईवडिलांचे आजारपण काढले तेही त्यानेच. त्याच्या दृष्टीने मौल्यवान ते त्याने नेले आणि पोकळ ते मागे सोडले. बहिणीचे म्हणणे मात्र मला मुळाला हात घालणारे वाटले. त्या संग्रहातील बहुतेक प्रत्येक गाणे आजही कुठे ना कुठे उपलब्ध आहे. ते वडिलांनी लिहिले नव्हते, गायिले नव्हते, विकतही बहुधा एकदाच घेतले असेल. त्यांचे स्वतःचे असे त्यात एकच होते, ते म्हणजे हे घ्यायचे, ते सोडायचे, आणि यानंतर हे. साऱ्या डिस्कवर ज्याची दुसरी प्रत जगात कुठेही मिळणार नाही असे तेच होते, आणि जागा त्यालाच सर्वांत कमी लागत होती.

'यानंतर हे' ही गोष्ट क्षुल्लक नाही. संत ऑगस्टीन 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना पाठ असलेल्या गीताचे उदाहरण घेतो. म्हणायला आरंभ करण्यापूर्वी माझी अपेक्षा साऱ्या गीतावर पसरलेली असते, असे तो सांगतो. मी म्हणत जातो तसतसे एकेक पद अपेक्षेतून निघून स्मृतीत जमा होत जाते, आणि शेवटी अपेक्षा संपते व स्मृती भरते. ऑगस्टीन एका गीताविषयी बोलला. कॅसेटच्या काळात वाढलेल्या आपल्या पिढीला माहीत आहे की गीतांच्या मालिकेलाही ते लागू पडते. एखादी कॅसेट शेकडो वेळा ऐकली की एक गाणे संपताना पुढच्याचा पहिला सूर मनात आपोआप उमटतो. तेच गाणे पुढे कधी रेडिओवर लागले आणि त्याच्यामागून भलतेच आले, तर मन क्षणभर अडखळते. त्या बाईने अंथरुणावर पडून जी अपेक्षा आणि जी स्मृती सांभाळली तिचा आराखडा त्या दहा-पंधरा किलोबाइटांत होता. मुलगी तोच मागत होती.

तेव्हा दुरुस्ती करायची ठरली. घरातला नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे; त्याने ते काम अंगावर घेतले. त्याची पद्धत इथे जरा विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळ घरांत ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट त्याने ही केली की, साऱ्या याद्यांची जशीच्या तशी एक प्रत बाजूला काढून ठेवली आणि मूळ याद्या कोणत्याही वादकात उघडू नका असे सर्वांना बजावले. यामागे कारण आहे. काही वादक-प्रणालींत 'मृत नोंदी काढून टाका' अशी एक आज्ञा असते. तिचा हेतू स्वच्छतेचा आहे. पण ज्या ओळीचे गाणे सापडत नाही ती ओळ ती पुसून टाकते, आणि मग तिथे काय होते हे कधीच कळत नाही. 'मृत' हा शब्दही किती उतावीळ! गाणे दोन फोल्डर पलीकडे वाजायला तयार बसलेले असते आणि यादी त्याला मृत ठरवून मोकळी होते.

मग सर्वांत सोपा उपाय त्याने सांगितला. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' म्हणून सोय आहे. तिथे नव्या डिस्कला जुन्या डिस्कचे अक्षर बहाल करता येते. 'डी' हे अक्षर त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे नसावे, एवढीच अट. डिस्कमधली रचना आधीसारखीच असेल तर यादीतले एकही अक्षर न बदलता सगळे पुन्हा वाजू लागते. म्हणजे नव्या माणसाला जुन्याचे पद देणे. धर्मग्रामाच्या कचेरीचा दूरध्वनी असाच असतो. धर्मगुरू बदलून जातात, क्रमांक तोच राहतो; पलीकडून 'फादर आहेत का?' अशी विचारणा होते आणि आपण खुशाल 'आहेत' म्हणतो. विचारणाऱ्याच्या मनातले फादर कोणते, हे दोन वाक्यांनंतर कळते! या घरी तो उपाय चालणार नव्हता, कारण वडिलांच्या मुलाने कपाटेच बदलली होती. शिवाय यादी परदेशी दुसऱ्या संगणकावर जायची होती. तिथे 'डी' कोण असेल ते कोणी सांगावे?

दुसरा उपाय शोधून बदलण्याचा. यादी नोटपॅडमध्ये उघडायची आणि 'डी:\गाणी' असे जिथे जिथे असेल तिथे नवा पत्ता घालायचा. हे एका आज्ञेने होते. यात एक खोडा आहे व तो देवनागरीत नावे लिहिणाऱ्या आपणा सर्वांना जाचणारा आहे. यादी जतन करताना अक्षरांची सांकेतिक पद्धत 'यूटीएफ-८' हीच निवडावी लागते. जुन्या 'अन्सी' पद्धतीने जतन केले तर तिच्यात देवनागरीला जागाच नसल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. 'पाऊस' गेला आणि चार प्रश्नचिन्हे राहिली, अशी गत होते. आणि ती प्रश्नचिन्हे मागे फिरून पुन्हा पाऊस होत नाहीत. म्हणून 'एम-थ्री-यू-एट' असे आठाचा अंक जोडलेले यादीचे रूप मराठी नावांसाठी अधिक भरवशाचे.

तिसरा उपाय मला स्वतःला सर्वांत समाधानकारक वाटतो. पत्ता डिस्कच्या अक्षरापासून न लिहिता यादी जिथे आहे तिथपासून लिहायचा. 'डी'च्या 'गाणी'तल्या 'भावगीते'मध्ये, असे न म्हणता 'माझ्या शेजारच्या भावगीतांमध्ये' असे म्हणायचे. याद्या आणि गाणी एकाच मोठ्या फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर अखंड उचलला की कुठल्याही डिस्कवर, कुठल्याही देशात, पत्ते खरे राहतात. बिऱ्हाड हलविताना चतुर गृहिणी असेच करते. नव्या स्वयंपाकघराची दिशा वेगळी, खिडकी वेगळी. पण मिठाची बरणी शेगडीच्या उजव्या हाताला, तिच्यामागे हळदीची, हे ठरलेले असते, आणि अंधारातही हात तिकडेच जातो. जागा बदलली तरी शेजार बदलला नाही. नातवाने साऱ्या ओळी या पद्धतीने लिहिल्या.

एवढ्याने निम्म्याहून अधिक गाणी वाजू लागली. उरलेल्यांपाशी खरा विचार सुरू झाला, कारण ज्या गाण्यांची नावे आणि खण दोन्ही बदलले होते त्यांच्याविषयी 'तेच गाणे हे' असे म्हणायचे तर कशाच्या जोरावर म्हणायचे, ते ठरवावे लागले.

नावावरून जुळवावे, तर कॅसेटी-सीडीवरून उतरविलेल्या फायलींची नावे 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी. एका घरात 'ट्रॅक ०३' या नावाची दहा गाणी निघतात. फायलीतला आकडा न् आकडा मोजून तिची एक सांकेतिक खूण काढता येते, तिला 'हॅश' म्हणतात. ही खूण काटेकोर, पण इतकी काटेकोर की, फायलीच्या आत लिहिलेल्या गायिकेच्या नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली तरी ती खूण पार बदलते, आवाजात तसूभरही फरक पडलेला नसताना. आवाजाच्याच चढउतारांवरून त्याचा ठसा काढण्याचे तंत्रही आहे. ते फायलीच्या नावागावाकडे पाहत नाही, जे ऐकू येते तेवढेच पाहते. परंतु कॅसेट किंचित संथ किंवा जलद फिरत असेल तर तोही ठसा फसू शकतो. ओळखीच्या या तीन पद्धतींमध्ये आमच्या वर्गातल्या तीन मतांची मला आठवण झाली. नावालाच वस्तू मानणारे होते, कणाकणाच्या हिशेबाशिवाय काहीच 'तेच' नाही म्हणणारे होते, आणि रूप टिकले की वस्तू टिकली असे मानणारे होते. त्या वादात कोणाचेच काही जात नसे. इथे एका मुलीची आई त्यात गुंतलेली होती.

अडचणीचे मूळ हे की 'गाणे' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. 'गीतरामायण' घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांच्या चाली. आकाशवाणीवर ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली, आणि पुढे फडक्यांनी स्वतःच्या आवाजात सगळी ध्वनिमुद्रित केली. शब्द तेच, चाल तीच. रचना म्हणून दोन्ही एकच गीत आहे. परंतु ज्याने रेडिओवरचा तो पहिला आवाज कानात जपला आहे त्याला दुसरे ध्वनिमुद्रण देऊन 'हे घ्या तुमचे गाणे' म्हटले तर तो विनयाने घेईल आणि गप्प बसेल.

रचना आणि प्रत यांतला हा भेद आपल्या समाजाला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले, नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून ते १९०७ साली मंगळुरात छापले गेले, आणि आपण आज ते देवनागरीत वाचतो तेव्हा आपण 'क्रिस्तपुराण'च वाचतो, त्याच्यासारखे दुसरे काही नव्हे. लिपी बदलली, कागद बदलला, छापखाना बदलला, रचना टिकली. पण उद्या कोणी रायतूरची पहिली प्रत शोधू लागला, तर मंगळूरची प्रत त्याच्या हाती ठेवून चालणार नाही. शोधणारा काय शोधतो आहे, यावर 'तेच' म्हणजे काय ते ठरते.

या घरातल्या याद्या प्रतींच्या होत्या. 'पाऊस' या यादीतले एक भावगीत वडिलांनी फार पूर्वी रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतले होते. त्यात खरखर होती, आणि गाणे संपताच निवेदिकेचे दोन शब्द ऐकू येऊन फीत तुटत असे. मुलाने तीच फाइल काढून सीडीवरचे स्वच्छ गाणे ठेवले होते. यादीतल्या '#'च्या ओळीत गाण्याची लांबी सेकंदांत लिहिलेली होती म्हणूनच हा फरक उघडकीस आला. जुने गाणे नव्यापेक्षा चांगले वीस सेकंदांनी आखूड होते. बहिणीला ते दोन शब्दही आठवत होते. खरखर आणि तुटलेली फीत हे गाण्याच्या दृष्टीने आगंतुक गुण खरे, पण त्या घरात वीस वर्षे ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने तेच त्याचे द्रव्य बनून गेले होते. ॲरिस्टॉटलला हे मान्य झाले असते की नाही, कुणास ठाऊक. मला मान्य आहे.

जे कायमचे गेले त्याचे काय करायचे, यावर भाऊबहिणीचे पुन्हा थोडे वाजले. भावाचे म्हणणे, स्वच्छ गाणे घाला. पप्पांना स्वतःलाही खरखर आवडत नसे, ते असते तर त्यांनीच बदलले असते. यात तथ्य आहे. जिवंत माणूस आपली यादी रोज बदलतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. स्वतःच्या यादीतले गाणे सापडले नाही तर खुशाल दुसरे घालावे, आवडेनासे झाले तर काढावे; तिथे यादीची पूजा मांडण्याचे कारण नाही. परंतु 'ते असते तर' या तीन शब्दांच्या आधाराने मृतांच्या नावावर आजवर किती गोष्टी खपविल्या गेल्या असतील! ते असते तर त्यांनी काय केले असते, हे आपण सांगू शकत नाही. त्यांनी काय केले होते, एवढेच यादी सांगते.

इथे मला नाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांच्या नकलांत पुष्कळ भर पडली होती. ओवी रचण्याची शक्ती त्यांच्याइतकी त्या काळी कोणात होती? तरी शेवटी त्यांनी बजावले ते हेच की, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. ज्याला अधिक चांगले लिहिता येते त्यानेच हात आवरण्याचे हे उदाहरण आहे. नाथांना स्वतःला भावार्थरामायण लिहावयाचे होते ते त्यांनी वेगळे लिहिले, स्वतःच्या नावाने.

मी निवाडा दिला नाही, पण एवढे सुचविले. वडिलांच्या याद्या त्यांच्या म्हणूनच राहाव्यात. जे ध्वनिमुद्रण सापडत नाही त्याची ओळ पुसू नये व तिच्या जागी दुसरेही घालू नये. ओळीच्या आरंभी '#' हे चिन्ह द्यावे. मग वादक ती ओळ वगळून पुढे जातो, पण ती जागेवर राहते, वाचणाऱ्याला दिसते, आणि ती फाइल पुढेमागे एखाद्या मित्राच्या कॅसेटीत सापडली तर चिन्ह काढले की पूर्ववत वाजते. भावाला स्वच्छ गाणी हवी असतील तर त्याने त्याच मालिकेची दुसरी यादी करावी आणि तिला स्वतःचे नाव द्यावे. दोन्ही सुखाने एका फोल्डरमध्ये नांदतील. दहा-पंधरा किलोबाइटांचा तर प्रश्न.

नातवाने तसे केले. साऱ्या याद्यांत मिळून पाच ओळी '#' लावून राहिल्या. चारांविषयी काय गेले ते निदान ठाऊक आहे. पाचवी 'तिच्यासाठी' या यादीतली आहे, शेवटून दुसरी. तिच्यावर नुसते 'ट्रॅक ०३' आहे आणि वडिलांनी तिच्यापुरती सेकंदांची टीप ठेवलेली नाही. संग्रहात त्या नावाची जी गाणी उरली आहेत त्यांतली चार तिथे शोभण्यासारखी आहेत. भाऊ म्हणतो, ते नाट्यगीत असणार, कारण आधीचेही नाट्यगीत आहे. बहीण म्हणते, मम्मीला त्या वेळी नाट्यगीते सोसत नसत, ते अंगाईगीत असले पाहिजे. परदेशी परतल्यावरही तिचे यावर फोन चालू आहेत. ओळ अजून तशीच आहे.